स्वयंपाकघरातला कान

अहो, ऐकलंत का,

पेटी आज सकाळी बंद केली. पाठ चिकटवली, क्लॅम्प आवळले, आणि आता उद्या सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. हा तुमचाच नियम. गोंद वाळत असताना बघायलासुद्धा जायचं नाही म्हणायचात, आणि स्वतः मात्र दर थोड्या वेळानं गॅलरीत जाऊन उभे राहायचात. मी सकाळपासून तेच करतेय. दारापर्यंत जाते, परत येते. पुरणाची डाळ निवडून झाली, तीच पुन्हा निवडली. वरचे कपडे वाळायच्या आधीच काढून आणले. हात काही स्वस्थ बसेनात, म्हणून शेवटी पेन घेतलं. टकटक करायची नाही म्हटल्यावर निदान लिहावं तरी.

तुम्हाला पत्र मी कधी लिहिलंच नाही. लग्न ठरलं तेव्हा सुद्धा नाही. मी घोटीला, तुम्ही नाशकात, आणि दर रविवारी काहीतरी काम काढून तुम्ही आमच्या दारात हजर. पत्राला वेळच कुठे दिलात?

तर पेटी. म्हणजे आपली, घरातली गिटार. इतकी वर्षं या सिडकोतल्या घरात गिटारी झाल्या, फुटक्या आल्या, नीट होऊन कुणाकुणाच्या खांद्याला लटकून गेल्या, आणि घरात म्हणून एक राहिली नाही. मी एकदा चिडून बोललेही होते, मिठाईवाल्याच्या घरी निदान पेढा तरी असतो. तुम्ही हसलात आणि ही सुरू केलीत. शिसवीची पाठ, समोर देवदाराच्या फळीचं तोंड. "ही कुणाची नाही, ही घरातली," म्हणालात. घरात वाजवणारं कोण, ते तुम्हीही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

तुम्हाला ते मडकं आठवतं का हो? उन्हाळा होता, घोटीच्या बाजारात आपण माठ घ्यायला गेलो होतो. मी एकेक उचलून बोटानं वाजवत होते आणि बाजूला ठेवत होते. आमच्याकडे आईपासून सगळ्या असाच माठ घेतात, त्यात विशेष काही नाही. कुंभार वैतागला. "ताई, मडकं घेताय का जावई बघताय? लय झालं." मग एक वाजवलं आणि मी म्हटलं, बास, हेच. तुम्ही ते वाजवून पाहिलंत, शेजारचं वाजवलंत, पुन्हा ते वाजवलंत. तुम्हाला दोन्ही सारखीच.

सारखी वाटणारच होती. अंबडच्या कंपनीत प्रेसच्या शेजारी उभं राहून तुमच्या कानातले बारीक आवाज कधीच निघून गेले होते. जाड आवाज यायचे. शिट्टी यायची नाही, पाखरं यायची नाहीत, कुकर तर तुमच्या डोक्याशी ओरडला तरी पत्ता नसायचा. आणि अशा माणसानं हौस कसली धरावी, तर गिटारी करायची. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस मुद्दाम करतो.

त्या दिवशी घरी आल्यावर माठ खाली ठेवायच्या आधी तुम्ही मला गॅलरीकडे नेलंत. अर्धवट झालेली एक पेटी हातात धरली, तोंडावर बोटाच्या पेरानं टकटक केलंत आणि विचारलंत, "मडकं असतं तर घेतलं असतंस का?" मी नाही म्हटलं. का, म्हणालात. दबल्यासारखा येतोय, शेपूटच नाही आवाजाला. तुम्ही आतल्या पट्ट्यांवरून रंधा फिरवलात, पुन्हा टकटक. अजून, म्हटलं. पुन्हा रंधा, पुन्हा टकटक. तोवर भाताला वेळ झाला म्हणून मी स्वयंपाकघरात निघून आले, तर तिथे ओट्याशी उभं राहून आवाज जास्त स्वच्छ येत होता. मधल्या खिडकीतून. मी तांदूळ निवडता निवडता ओरडले, "बास."

तेव्हापासून हेच चालत आलं. तुम्ही गॅलरीत, मी ओट्याशी. टकटक. "ऐकलंस?" "अजून." रंधा. टकटक. "ऐकलंस?" "अजून." आणि केव्हातरी "बास." तुम्हाला ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडायला लागायचं की शेजारच्या कुलकर्णी वहिनींना वाटायचं, आपण रोज भांडतो. ते भांडण नाही हे त्यांना खरं वाटलंय असं मला अजूनही वाटत नाही.

गिऱ्हाईक आवाजाचं कौतुक करायचं तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचात. "कान माझा नाही, कान आत आहे." ती मंडळी हसायची. तुम्ही थट्टा करताय असं वाटायचं त्यांना. मी चहा घेऊन बाहेर आले की माझ्याकडे बघून आणखी हसायची. पण तुम्ही सांगायचात ते मला आवडायचं. हे तुम्हाला मी कधी बोलले नव्हते.

आपल्या निखिलनं पहिल्या पगारात तुम्हाला कानाचं मशीन आणून दिलं, ते तुम्ही बातम्या ऐकायला लावायचात. गॅलरीत जाताना काढून तारांच्या डब्यात. मी म्हटलं, अहो, लावा की आता, तुमचं तुम्हाला ऐकू येईल. तर म्हणालात, "मग तू काय करशील?" यावर मी किती दिवस धुसफुसत होते. मला काय कामं नव्हती का?

माझे कपड्यांचे चिमटे तुम्ही नेलेत ते सगळे अजून गॅलरीतच आहेत. पेटीच्या आतल्या कडेला पट्टी चिकटवायची, आणि ती धरायला माझे चिमटे. माझ्या साड्या वाऱ्यावर खालच्या मजल्यावर जायच्या. मी नवे आणायचे, तुम्ही नवे न्यायचात. काल ते सगळे पिशवीत भरले आणि पुन्हा बाहेर काढून जिथल्या तिथे ठेवले. कशाला भरले, कशाला काढले, विचारू नका.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे आणि तो आज लिहून टाकते. तुम्ही मला कधी रंध्याला हात लावू दिला नाहीत. मी मागितला होता. एकदा नाही. बोट कापेल म्हणून नाही म्हणालात असतात तर मी समजले असते. तुम्ही म्हणालात, "हातात हत्यार आलं की माणूस ऐकायचं थांबतो. तू ऐक." मला ते लागलं होतं. वाटलं, हा आपला मोठेपणा. करायचं यांनी आणि ओट्याशी उभं राहायचं मी.

आता त्या दिवसाचं.

श्रावणातला सोमवार. मी साबुदाणा भिजत घातला होता. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि पावसात तुम्ही पेटी बंद करत नव्हतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, तसंच बंद केलं की चैत्रात आखडतं आणि फाटतं. एकदा लग्नाच्या घाईसाठी एकाची भर आषाढात बंद करून दिली होतीत. ती एप्रिलमध्ये दुरुस्तीला आली, भिंतीला टांगलेली होती, आणि दुपारी तिचं तोंड टक्कन फुटलेलं मी इथे ओट्याशी ऐकलं. तुम्ही शेजारीच बसला होतात, तुम्हाला कळलं नाही. मला सांगावं लागलं. त्यानंतर दिवाळी ते होळी, एवढ्यातच पेटी बंद करायची, हे ठरून गेलं. घरातलीच गिटार होती, घाई कुणाला होती? दिवाळीपर्यंत नुसत्या पट्ट्या घासत बसू म्हणालात.

टकटक आली. "ऐकलंस?"

"अजून," मी म्हटलं.

"बरं. चहा घेऊन बघतो." आणि जरा पाठ टेकतो म्हणून कॉटवर आडवे झालात. चहा मी उशाशी ठेवला होता. तो तसाच राहिला.

तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द हा. अजून. इतके शब्द होते, "जेवलात का" होता, "औषध घेतलं का" होता. यातला एखादा निघायला काय झालं होतं?

मग दिवाळी आली, गेली. लोक आपापल्या गिटारी घेऊन गेले, काही अर्धवटच. ही एक राहिली, पाठ उघडी, आतल्या पट्ट्या दिसतात अशी. मी येता जाता तिच्यावर बोट मारायचे. केर काढताना, भाजी आणल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी. दर वेळी वाटायचं, अजून आहे. मग ओट्याशी यायचे आणि आठवायचं, इथून ऐकायचं तर तिकडे टकटक कोण करणार?

देवळालीचे तुमचे मित्र फर्नांडिस सर, गिटारचे क्लासवाले, संक्रांतीनंतर आले. माणूस भला आहे. म्हणाले, "वहिनी, उन्हं चढायच्या आत बंद करायला हवी, नाहीतर तोंड वाकडं होईल. द्या माझ्याकडे, मी पूर्ण करून आणतो." त्यांनी पेटी हातात घेतली, वाजवली, कान लावून ऐकलं. "झालंय हे. पट्ट्यांना हात लावायची गरजच नाही."

"अजून आहे," मी म्हटलं.

त्यांनी पेटी खाली ठेवली. "असेल. पण आता काढणार कोण? एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही. तोंड खचलं तर तारांचा ताण सोसणार नाही."

मी काढीन, म्हटलं. त्यांनी चहा संपवला, आणि उतरताना जिन्यातून एवढंच म्हणाले, "आधी टाकाऊ पट्ट्यांवर हात बसवा." मला त्यांचाही राग आला. मला सगळ्यांचाच येत होता.

पण हात बसवला. तुमचा तो अंगठ्याएवढा पितळी रंधा घेतला आणि भंगाराच्या पट्ट्यांवर रोज दुपारी बसले. पहिल्यांदा लाकूड खायचा, मग घसरायचा, मग एक दिवस कांद्याच्या सालीसारखी लांब कात निघाली. डाव्या अंगठ्याला पट्टी बांधून मी पोळ्या लाटल्या. तुम्हाला दाखवायला हवी होती ती कात. फेकली नाही, तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवलीय.

परवा निखिल पुण्याहून होळीसाठी आला. त्याला तुमच्या गिटारींचं कधी काही नव्हतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. तो ती गॅलरी मोकळी करून तिथे मला वॉशिंग मशीन लावून देणार होता. मी म्हटलं, मशीन नंतर. आधी मला टकटक करून दे.

काल जेवणं उरकली आणि आम्ही बसलो. म्हणजे तो पेटी धरून तुमच्या स्टुलावर, आणि मी इकडे ओट्याशी. टकटक आली.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं. त्याला मी असं विचार म्हणून सांगितलं नव्हतं. लहानपणापासून ऐकत आला असणार.

"अजून."

मी गॅलरीत गेले, रंध्यानं एक कात काढली, परत ओट्याशी. टकटक. अजून. पुन्हा गेले. पुन्हा आले. हात चांगला चालत होता. मला सांगायला हरकत नाही, मला ते आवडत होतं. कित्येक महिन्यांनी घरात तो आवाज होता. टकटक, ऐकलंस, अजून. बाहेर पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत ओरडत होती, आणि आत आपलं नेहमीचं चाललं होतं. मला वाटलं, हे संपूच नये.

टकटक. "ऐकलंस?"

"अजून."

आणि तिकडून काहीच येईना. मी रंधा घेऊन गॅलरीत गेले तर निखिल पेटी मांडीवर घेऊन बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"आई, मी आता ही नव्हती वाजवली."

"मग?"

त्यानं वर बोट केलं. खिळ्यावरची फळी. तुम्हाला सांगायला नकोच. ती पहिली गिटार, जिला मी तांदूळ निवडता निवडता बास म्हटलं होतं, तिचं तोंड. पुढे कुणाच्या तरी गाडीखाली येऊन बाकी चुरा झाला, तेव्हा तुम्ही तोंड आणि कडेचा घेर वाचवून खिळ्याला लावलात. "हे तुझं पहिलं बास," म्हणालात. नवीन काही करताना आधी ती वाजवायचात, मला आठवण राहावी म्हणून.

"मला कळेना, तुला नक्की काय ऐकू यायला हवंय," निखिल म्हणाला. "म्हटलं, बास कसं असतं ते एकदा ऐकू. म्हणून ती वाजवली. तू तिलाही अजून म्हणालीस."

मी तिथेच खाली बसले. तोही उठून माझ्याशेजारी फरशीवर बसला, लहान असताना भुशात बसायचा तसा. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मी ऐकतच नव्हते हो. मी नुसतं उत्तर देत होते. बास म्हटलं की पाठ लागणार, पेटी बंद होणार, आणि मग गॅलरीतून कुणी काही विचारणार नाही. ते मला नको होतं. म्हणून माझ्या तोंडातून "अजून" निघत होतं, आणि तिकडे लाकूड जात होतं. तुम्ही म्हणायचात ते हेच का? हातात हत्यार आलं की ऐकायचं थांबतं? आणि मी इतकी वर्षं त्यावरून तुमच्यावर रुसून.

निखिलनं रंधा माझ्या हातातून काढून घेतला आणि तुमच्या हत्यारांच्या फळीवर, जागच्या जागी ठेवला. मग म्हणाला, "चहा करतेस का? मग एकदा वाजवतो. एकदाच."

चहा झाला. यावेळी संपलाही. मी ओट्याला पाठ टेकून उभी राहिले, हातात काही घेतलं नाही. त्यानं आधी खिळ्यावरची वाजवली, मग ही. मी मुद्दाम जरा वेळ जाऊ दिला.

"बास," म्हटलं.

हळूच म्हटलं गेलं. निखिलला पुन्हा विचारावं लागलं, "काय म्हणालीस?"

"बास म्हटलं. बास."

आज सकाळी फर्नांडिस सरांना बोलावून घेतलं. स्कूटरवर मागे क्लॅम्प बांधून आले. पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किती काढलंत?" मी खरं ते सांगितलं, खिळ्यावरच्या फळीसकट सगळं. ते हसले नाहीत. "बघू उद्या," म्हणाले आणि गोंदाची बाटली उघडली. पाठ त्यांनी बसवली, निखिलनं दाबून धरली, क्लॅम्प मी आवळले. होळी उद्या. म्हणजे तुमच्या नियमात कशीबशी बसले.

आता माझ्या डोक्यात एकच चाललंय, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला विचारू? काल मी जास्त काढलं असेल का? बास कधीच होऊन गेलं होतं, आणि मी तुम्हाला धरून ठेवायच्या नादात पुढे गेले असं असेल का? फर्नांडिस सर संक्रांतीनंतर आले तेव्हाच म्हणाले, झालंय. मग श्रावणातलं माझं "अजून" तरी खरं होतं का? की तेव्हाही मी साबुदाण्यात लक्ष ठेवून सवयीनं बोलले? तुम्ही माझ्या अजूनवर इतका विश्वास का ठेवलात हो? एकदा तरी उलट विचारायचं होतंत, नक्की का म्हणून.

हे लिहितानासुद्धा मी एकदा उठून गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन आले. आत नाही गेले. क्लॅम्पांच्या गर्दीत ती दिसत पण नाही. तुमचे चिमटे, म्हणजे माझे चिमटे, बाजूला पडलेत. वॉशिंग मशीन तिथे येणार नाही, हे निखिलला मी सांगून टाकलंय. तो म्हणाला, मला वाटलंच होतं.

आता शब्द देते, तो ऐका. उद्या सकाळी क्लॅम्प निघाले की तुमच्या स्टुलावर निखिल बसेल आणि मी माझ्या जागी. माझ्या हातात रंधा नसेल, लाटणंही नसेल. त्यानं टकटक केली की मला जे ऐकू येईल तेच तुम्हाला सांगेन. जास्त गेलं असेल तर जास्त गेलं म्हणेन, आणि तरीही तारा लावून ती घरातच ठेवेन, कारण ती घरातली आहे. बरोबर असेल तर बास म्हणेन, आणि त्याच्यापुढे अजून असं काही म्हणणार नाही.

पण जे काय असेल ते मोठ्यानं म्हणेन. कुलकर्णी वहिनींना काय वाटायचं ते वाटू दे. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

ओट्याजवळून,
तुमची
सुमन